जिन्यातला दिवा चालू, ॲप म्हणतं बंद

नमस्कार मंडळी,

जिन्यातल्या दिव्याने जीव मेटाकुटीला आणलाय म्हणून लिहितेय. आई आलीय भारतातून, तिला रात्री एकदोनदा तरी उठावं लागतं, म्हणून जिन्यात मोशन सेन्सर लावला आणि हबमध्ये (सगळे दिवे-सेन्सर सांभाळणारी पेटी) रूल टाकला की रात्री ११ नंतर हालचाल दिसली आणि दिवा बंद असला तर २० टक्क्यांवर लाव. पण आईला सवय भिंतीवरचं बटण दाबायची. ती वरून दिवा फुल्ल लावते, ॲपला पत्ताच नाही, तिथे अजून 'बंद'च, मग ती अर्ध्या जिन्यात आली की सेन्सर तिला बघतो आणि हब फटकन उजेड २० वर आणतो! परवा तशीच कठडा घट्ट धरून उभी राहिली आणि मला हाका मारत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं, उजेड असा एकदम उतरला की पायरीची कडच दिसत नाही.

ॲपमधून चालू-बंद केलं तर सगळं नीट. डिमर (उजेड कमी-जास्त करणारा स्विच) झेड-वेव्हचा आहे, म्हणजे घरातली उपकरणं रेडिओवरून हबशी बोलतात त्या पद्धतीचा, हब बदलला तेव्हापासून हे सुरू झालंय. कोणाला काही सुचतंय का?

———

ताई, हबमध्ये पोलिंग चालू कर ना, दर १० सेकंदांनी तो स्विचला स्टेटस विचारत राहील. माझ्याकडे सगळ्या दिव्यांना तसंच लावलंय.

———

पोलिंग नको गं. झेड-वेव्हचा वेग नेहमीच्या जाळ्यात सेकंदाला फार तर १०० किलोबिट, जुन्या उपकरणांना ४० नाहीतर ९.६, त्यात लांबचा निरोप मधल्या स्विचांकरवी टप्प्याटप्प्याने जातो. दहा-बारा दिव्यांना सारखं विचारत बसलं की त्या गर्दीत सेन्सरचाच निरोप अडकतो. आणि १० सेकंदांत आई अर्धा जिना उतरलेली असते.

पहिलं काम आज रात्रीचं: रूलमधले २० काढ आणि १०० टाक. मग हबला काहीही चुकीचं वाटलं तरी तिच्या पायाखालचा उजेड कमी होणार नाही.

आता दुखणं शोधू. भिंतीवरून दिवा लाव, ॲपमध्ये 'बंद' दिसत असतानाच त्या डिव्हाइसच्या पानावर रिफ्रेश दाब. 'चालू' आलं तर रेडिओ ठीक आहे, स्विच विचारलं की सांगतो पण आपणहून सांगत नाही. आपणहून कोणाला कळवायचं हे त्याच्याच मेमरीत असतं, असोसिएशन ग्रुप १ मध्ये, त्याला लाइफलाइन म्हणतात. तिथे हबचा नोड नंबर, म्हणजे जाळ्यातला त्याचा क्रमांक, हवा, बहुतेक वेळा १ असतो. नवीन हबला जोडताना इंटरव्ह्यू (हब स्विचला त्याची माहिती विचारून घेतो ते) अर्धवट राहिला की ग्रुप रिकामाच राहतो, मग स्विच हुकूम सगळे पाळतो पण कळवत काही नाही. तुझं तेच झालंय असं मला वाटतं.

डब्यावर झेड-वेव्ह प्लसची, म्हणजे झेड-वेव्हच्या नंतरच्या पिढीची, खूण आहे ना बघ. त्याआधीच्या बऱ्याच स्विचांत आपणहून कळवायची सोयच नव्हती, अमेरिकेत त्यावर पेटंट होतं, २०१६ मध्ये मुदत संपली त्याची. तसला निघाला तर बदलच.

———

काका, अगदी तेच निघालं! रिफ्रेश दाबल्या दाबल्या 'चालू, १००' आलं आणि ग्रुप १ उघडला तर आत काहीच नाही. १ टाकलं, मग हब उचलून जिन्याजवळ आणला आणि इंटरव्ह्यू पुन्हा पहिल्यापासून पूर्ण करून घेतला. आई वरून बटण दाबायची आणि मी खालून फोन बघत ओरडायचे "आलं!", "गेलं!", असं दहा-बारा वेळा केलं, एकदाही चुकलं नाही. काल रात्री दोनदा उठली, हाक नाही आली. रूल १०० वरच ठेवलाय.

बेसमेंटचा स्विच मात्र अजून गप्पच, त्याच्यावर प्लसची खूण नाही, म्हणजे बदलावाच लागणार. काढलेला पुण्याच्या घरी नेऊ का, आईकडे चालेल का तो?

———

नको नेऊ. इथला, अमेरिकेतला झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतो, भारतात ८६५.२ आहे, तिथल्या हबला तो ऐकूच येणार नाही. शिवाय आपले हे स्विच १२० व्होल्टचे, तिकडे २३०. इथेच ई-वेस्टमध्ये दे, आणि नवीन बसवताना ब्रेकर पाडून मगच प्लेट उघड, घाईत स्क्रूला हात लावू नकोस. शनिवारी मी मोकळा आहे, टेस्टर घेऊन येतो.