मदत हवी आहे: लायडार सेन्सर नुसता कचरा दाखवतोय

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) जोडलाय, पण सिरीयल मॉनिटरवर काहीही आकडे येताहेत. मधूनच एखादं अंतर बरोबर दिसतं, मग २२८७३, मग ०, ०, परत २२८७३. कोड नेटवरचा आहे, म्हणजे तो प्रश्न नाही. वायरी तीनदा तपासल्या. सेन्सरच खराब आहे का? उद्यापर्यंत चालू व्हायला हवंय.

ओहमकार
कुठला लायडार? बोर्ड कोणता? डेटा युआर्टने येतोय की आयटूसीने (सेन्सर आणि बोर्डाने बोलायच्या दोन पद्धती)? वीज कुठून घेतलीये? एवढं तरी सांगा.

प्रतिध्वनी
लायडार हवाच कशाला? साधा अल्ट्रासॉनिक लावा, दोन पिना आणि दहा ओळींचा कोड.

घाईत_आहे
टीएफ-लुना लायडार, अर्डुइनो ऊनो बोर्डावर. जोडणी नेहमीसारखी.
@प्रतिध्वनी, सेन्सर घेऊन झालाय, आता तोच वापरणार.

सोल्डर_धूर
'नेहमीसारखी' नावाची जोडणी नसते हो. सेन्सरची १ नंबरची (विजेची) वायर कुठे लावलीत? आणि ५ नंबरची (युआर्ट की आयटूसी ठरवणारी)?

घाईत_आहे
१ नंबर ३.३ व्होल्टला. डेटाशीटमध्येच ३.३ लिहिलंय. ५ मोकळी. डेटा ऊनोच्या पिन १० आणि ११ वर, सॉफ्टवेअर सिरीयलने (साध्या पिनांवर कोडने चालवलेला युआर्ट).

ओहमकार
सापडलं. एक नाही, दोन घोळ आहेत.

पहिला विजेचा. ते ३.३ व्होल्ट सिग्नलच्या पातळीसाठी लिहिलेत, पुरवठ्यासाठी नाही. पुरवठा ३.७ ते ५.२ व्होल्ट लागतो. सरासरी प्रवाह ७० मिलिअँपिअरपर्यंत आणि लेसरच्या झटक्याला १५० पर्यंत जातो. ऊनोची ३.३ ची पिन ५० च्या पुढे झेपत नाही. १ नंबर ५ व्होल्टला लावा.

दुसरा वेगाचा. टीएफ-लुना मुळात ११५२०० बॉडने (सेकंदाला तितके बिट) बोलतो, सेकंदाला १०० फ्रेम (एकेका मोजणीचे बाइट-संच). सॉफ्टवेअर सिरीयलला ऊनोवर हा वेग झेपत नाही, मधले बाइट गळतात. पुरावा तुम्हीच दिलाय. प्रत्येक फ्रेम ९ बाइटची आणि पहिले दोन बाइट ८९, ८९. आता ८९ × २५६ + ८९ करून पाहा. २२८७३! फ्रेमचं डोकंच तुम्ही अंतर म्हणून वाचताय. सेन्सर ठणठणीत आहे, आणि प्रश्न कोडचाही आहे.

सोल्डर_धूर
+१. त्यात भर: नुसतं ८९, ८९ शोधून पुढचं वाचणं पुरेसं नाही, कारण मजकुरातही ८९ येऊ शकतो. पहिल्या आठ बाइटांची बेरीज करा, तिचा खालचा बाइट नवव्याशी जुळला तरच फ्रेम घ्या. तिसरा-चौथा बाइट अंतर (सेमी), पाचवा-सहावा परतलेल्या प्रकाशाची तीव्रता. दोन्हींत आधी खालचा बाइट येतो. तीव्रता १०० च्या खाली किंवा ६५५३५ असेल तर ते अंतर सरळ फेकून द्या.

पण खरा उपाय म्हणजे ऊनो सोडा आणि ईएसपी३२ बोर्ड घ्या. हार्डवेअर युआर्ट जास्तीचे मिळतात, सिग्नलही ३.३ चेच.

ओहमकार
उद्यापर्यंत हवंय म्हणताहेत आणि तुम्ही बोर्ड बदलायला सांगताय. ऊनोवर आयटूसी वापरा. ५ नंबरची वायर ग्राउंडला, तीही वीज द्यायच्या आधी, कारण सेन्सर चालू होतानाच ती पाहतो. २ नंबर एसडीए (डेटा), ३ नंबर एससीएल (घड्याळ). सेन्सरचा आयटूसी पत्ता हेक्साडेसिमलमध्ये १०, म्हणजे दशमानात १६. कोडमध्ये साधे १० टाकलेत तर सेन्सर सापडणार नाही. अंतर रजिस्टर ० आणि १ मध्ये, तीव्रता २ आणि ३ मध्ये. ऊनोची आयटूसी लाइन ५ व्होल्टची असते, तेव्हा मधे लेव्हल शिफ्टर (५ चे ३.३ व्होल्ट करणारी पट्टी) घालाच.

सोल्डर_धूर
शिफ्टर नसेल तर? बॉड ९६०० करून युआर्टच ठेवता येईल. मात्र आधी फ्रेमदर उतरवा: ९ बाइट × १० बिट × १०० म्हणजे सेकंदाला ९००० बिट, ९६०० मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. १० फ्रेमसाठी दशमानात ९०, ६, ३, १०, ०, १०९ पाठवा, मग ९०, ४, १७, १११ ने साठवा. नाही साठवलं तर वीज गेली की पहिले पाढे पंचावन्न. ऊनोकडून सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीवर १ के आणि २ के रोधांचा व्होल्टेज विभाजक लावा.

भिरभिरं
एकाच दिशेला बघणारा सेन्सर घेऊन काय करणार? फिरणारा ३६० अंशांचा घ्या, खोलीचा नकाशा तयार होतो. रॉसमध्ये (रोबोटांचं सॉफ्टवेअर) तर...

ओहमकार
नकाशा कुणी मागितलाय?

नवशिका
अवांतर विचारतो. व्हीएल५३एल०एक्स (छोटे आयटूसी अंतर-सेन्सर) दोन लावलेत, पण एकच दिसतो. असं का?

सोल्डर_धूर
@नवशिका, दोघांचा मूळ पत्ता एकच, हेक्साडेसिमल २९. दोन्हींच्या एक्सशट (सेन्सर बंद ठेवणाऱ्या) पिना आधी ० व्होल्टला खाली ओढा, एक सोडा, त्याला नवा पत्ता द्या, मग दुसरा सोडा. पत्ता वीज गेल्यावर पुसला जातो, म्हणून हे सेटअपमध्ये दरवेळी करायचं. एक्सशटला थेट ५ व्होल्ट देऊ नका. पुढच्या वेळी वेगळा धागा काढा.

घाईत_आहे
आयटूसीने चालू झालं! टेबलावर भिंतीपर्यंतचं अंतर बरोबर येतंय. पण टाकीवर ठेवला की १२७ दाखवतो. टाकी सेन्सरपासून तळापर्यंत १२० सेमीच आहे. परत खराब?

ओहमकार
टाकी?? पाण्याची? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. आत्ता पाणी किती आहे?

घाईत_आहे
साधारण २० सेमी. त्याचा काय संबंध?

ओहमकार
सगळा संबंध त्याचाच. संथ पाणी आरशासारखं वागतं. पृष्ठभागावरून परतणारा थोडा प्रकाश सेन्सर जरा तिरका असला तरी भलतीकडेच जातो. बाकीचा आत शिरून तळावरून परततो. पाण्यात प्रकाश १.३३ पट हळू चालतो, म्हणून २० सेमी पाणी सेन्सरला साडेसव्वीस वाटतं. वर १०० सेमी हवा. बेरीज तुमच्यासमोर आहे. टाकी भरत जाईल तसा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यातच शोषला जाईल, तीव्रता १०० च्या खाली उतरेल आणि आकडे वाटेल तसे उड्या मारतील.

प्रतिध्वनी
पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. आवाज पाण्यावरून झकास परततो.

सोल्डर_धूर
टाकी आहे हे तुम्हालाही तेव्हा माहीत नव्हतं, उगीच श्रेय घेऊ नका :) आणि झाकणाखाली वाफ धरून उघड्या अल्ट्रासॉनिकची जाळी भिजते, त्याचं काय? तापमान १० अंशांनी बदललं की आवाजाचा वेग पावणेदोन टक्के बदलतो, तेही धरा.

प्रतिध्वनी
१२० सेमीवर पावणेदोन टक्के म्हणजे २ सेमी. तुमच्या लुनाची अचूकता ३ मीटरच्या आत अधिक-उणे ६ सेमी आहे. बोला आता.

ओहमकार
हा मुद्दा मान्य, टाकीसाठी मीही लायडार निवडला नसता. पण लायडारच वापरायचा असेल तर तरंगती पांढरी चकती लागेल. सुमारे १० सेमी आतल्या व्यासाचा, खाली भोकं पाडलेला पाइप उभा करा, आत ८ सेमीची फोमची चकती. किरण २ अंशांचा आहे, १२० सेमीवर ठिपका साधारण ४ सेमीचा होतो, म्हणजे चकतीत बसतो. अरुंद पाइप घेतलात तर कडांवरून खोटे परावर्तन येईल. सेन्सर भरल्या पाण्यापासून २० सेमीहून बराच वर हवा, त्याच्या आत तो मोजतच नाही. ११ वाचनांतलं मधलं घ्या. आणि पारदर्शक झाकणाआड लपवू नका, तो झाकणच मोजत बसेल.

घाईत_आहे
थर्मोकोलचा तुकडा सोडून पाहिला. १०१, १००, १०१. पाइप उद्या बसवतो.

सोल्डर_धूर
तीव्रता तपासणारी ओळ कोडमध्ये घातलीत ना?

घाईत_आहे
ती नंतर.