फोनवरच्या मुलाखतीत माणूस कळतो का?

रानवाटा :
सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात कोरोनासाठी घरोघर तपासणीची 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा मी संशोधनासाठी आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, मुलाखती फोनवर घेत होते. त्या घरोघर फिरताना लोक त्यांच्याशी कसे वागतात, एवढाच विषय. एक ताई दहा मिनिटं 'सगळं बरंय मॅडम' याच्या पुढे जाईनात. मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं तरी खाकरणं. मग हळूच म्हणाल्या, 'थांबा, गोठ्यात जाते.' गोठ्यातून आवाजच वेगळा! शेजारीण नळावर पाणी भरू देत नाही, घरचे अंगणात अंघोळ केल्याशिवाय आत घेत नाहीत. ज्यांच्याकडे गोठा नव्हता, त्यांचं काय? समोर असते तर कोण कान देऊन बसलंय ते दिसलं असतं. माझ्या मते त्या काळातल्या अशा मुलाखतींवर निष्कर्ष काढूच नयेत.

खडीसाखर :
साफ असहमत. आधीच 'ही कोरोना आणते' म्हणून बदनाम झालेल्या बाईच्या ओसरीवर तुम्ही शहरातून जाऊन बसणार होतात? आणि कोविडआधीच्या मुलाखती तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या होत्या? उपकेंद्रात, सिस्टरच्या देखत घेतलेल्या! माझ्याशी बायका रात्री दहानंतर, पोरं झोपल्यावर बोलल्या. माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलल्या.

पायपीट :
मी आशा आहे. तेव्हा दिवसाला पन्नास घरं, ऑक्सिमीटर, ताप, वर ॲपमध्ये माहिती. केंद्राचा कोविड भत्ता महिन्याला १००० रुपये. त्यात रात्री तुमचे तासतासभर फोन. 'रेकॉर्ड केलं तर चालेल ना?' म्हणे. नंबर तालुक्यातून मिळाला म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप? जून २०२१ मध्ये आम्ही संप केला, तेव्हा मात्र मला एकीचाही फोन आला नाही.

खडीसाखर :
ताई, संपाचं खरंय, चुकलंच. पण संमतीचं म्हणाल तर साथीच्या काळात तोंडी संमती चालेल, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतच होतं.

पायपीट :
तोंडी चालेल हो. पण तोंड उघडायची सोय हवी ना.

रानवाटा :
गोठा-कुकर करत बसले आणि मुद्दा इथे होता. नंबर मीही तालुक्यातूनच घेतले होते. 'एकाही ताईने नकार दिला नाही' हे वाक्य माझ्या अहवालात आहे. चांगलं म्हणून लिहिलं होतं.