हाराल्ड आइया: विनोदी कलाकाराने संशोधकांची उलटतपासणी करावी का?

रानवाट (धागाकर्ता)

नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 2010 मध्ये 'येर्नेवास्क' (म्हणजे 'ब्रेनवॉश') ही सात भागांची माहितीपट मालिका दाखवली गेली. ती सादर करणारा हाराल्ड आइया तोपर्यंत घरोघरी माहीत होता तो विनोदी कलाकार म्हणून. त्याचा जन्म 1966 चा. ऑस्लो विद्यापीठातून समाजशास्त्र शिकून तो दूरचित्रवाणीकडे वळला आणि बोर्ड तुफ्ते योहान्सेन या जोडीदाराबरोबर त्याने 'ओपन पोस्त', 'उती वोर हागे' असे कार्यक्रम गाजवले.

माझे मत असे आहे की त्याच्या साऱ्या कारकिर्दीत 'येर्नेवास्क' हेच सर्वांत मोलाचे काम आहे. पहिल्याच भागात तो एक साधा प्रश्न विचारतो. नॉर्वेत स्त्री-पुरुष समानतेचा कायदा 1978 पासून आहे, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सुमारे 40 टक्के स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे, आणि तरीही रुग्णालयातल्या परिचारिका बहुतांश स्त्रियाच आणि अभियंते बहुतांश पुरुषच, असे का? नॉर्वेतील लिंगभाव संशोधक सांगतात की हे सारे संगोपनाने आणि समाजाच्या अपेक्षांनी घडते. आइया ते ऐकून घेतो, मग सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅन कॅम्पबेल, रिचर्ड लिप्पा यांच्यासारख्या परदेशी शास्त्रज्ञांना भेटतो आणि त्यांची उत्तरे लॅपटॉपवर घेऊन परत ऑस्लोच्या त्याच संशोधकांसमोर बसतो. 'जन्मजात फरक नाहीत याला तुमच्याकडे पुरावा काय?' या आशयाच्या प्रश्नावर समोरच्यांची जी तारांबळ उडते, ती पाहिल्यावर इतकी वर्षे हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच कसा नाही, याचे आश्चर्य वाटते.

उत्तररंग

आपल्या लेखातील शेवटच्या वाक्यालाच माझा आक्षेप आहे. समोरच्याची तारांबळ उडणे म्हणजे त्याचे म्हणणे खोटे ठरणे नव्हे.

आइयाने विनोदी कलाकार म्हणून वर्षानुवर्षे एक चेहरा घडवला होता. डॅनिश लोकांना आता एकमेकांचेच बोलणे कळेनासे झाले आहे, असे बातमीपटाच्या थाटात सांगणारे 'उती वोर हागे'मधील प्रहसन आठवा. त्यात दुधाची मागणी नीट न कळल्यामुळे हजार लिटर दूध पाठवले जाते आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांकडे मदतीची याचना होते, पण कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हाच गंभीर, भाबडा चेहरा त्याने संशोधकांपुढे आणला. प्रहसनात समोर नट असतो आणि त्याला संहिता माहीत असते. येथे समोर असे लोक होते ज्यांना आपण कोणत्या कथानकात बसवले जात आहोत याची कल्पना नव्हती, आणि अंतिम संकलन मात्र आइयाच्या हाती होते. काही संशोधकांनी नंतर हीच तक्रार केली.

शिवाय ज्या पुराव्यांच्या बळावर त्यांना निरुत्तर केले गेले, त्यांची उलटतपासणी कोणी केली? बॅरन-कोहेन यांच्या गटाच्या प्रयोगात 102 नवजात अर्भकांना एक खरा चेहरा आणि एक लटकते यांत्रिक खेळणे दाखवले गेले. मुलगे खेळण्याकडे अधिक वेळ पाहतात आणि मुली चेहऱ्याकडे, असा निष्कर्ष निघाला. पण तो चेहरा प्रयोग करणाऱ्या संशोधिकेचाच होता आणि काही अर्भकांचे लिंग तिला ठाऊक असण्याची शक्यता होती, म्हणून या प्रयोगावर शास्त्रज्ञांनीच गंभीर आक्षेप घेतलेले आहेत. कॅमेऱ्यासमोर अडखळणाऱ्या संशोधकाला हे त्या क्षणी आठवले नाही, एवढाच त्याचा दोष.

सह्यकडा

मी रानवाट यांच्याशी सहमत आहे. या मालिकेचा परिणाम एवढा मोठा झाला की नॉर्वे सरकारने लिंगभाव संशोधनाची संस्थाच बंद केली. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

निळावंती

सह्यकडा, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण ती अशी नाही. बंद झाली ती ऑस्लोतील नॉर्डिक देशांची (नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आदी उत्तर युरोपीय देशांची) संयुक्त संस्था. तो निर्णय नॉर्डिक मंत्रिपरिषदेचा होता आणि ते काम पुढे स्वीडनमधील गोटेनबर्ग येथून चालू राहिले. ऑस्लो विद्यापीठाचे लिंगभाव संशोधन केंद्र आजही चालू आहे. एका दूरचित्रवाणी मालिकेने संस्था पाडली, ही कथा ज्यांना हवी आहे ते तिची शहानिशा करत नाहीत. पुराव्याची मागणी करणाऱ्या मालिकेच्या चाहत्यांनी तरी ती करायला हवी.

मात्र आइयाला स्त्रियांच्या चळवळीचा शत्रू ठरवणेही मला अन्यायाचे वाटते. 2016 च्या टेडएक्स ऑस्लो येथील भाषणात याच माणसाने आकडेवारी मांडून दाखवले की मोफत शिक्षण आणि बलवान कामगार संघटना असलेल्या नॉर्डिक देशांत श्रीमंत होण्याची संधी अमेरिकेपेक्षा कमी नाही. समाजशास्त्र त्याने सोडलेले नाही. रूढ समजुतीला आकड्यांनी धक्का देणे हीच त्याची पद्धत आहे, मग ती समजूत डाव्यांची असो वा उजव्यांची.

रानवाट

उत्तररंग, अर्भकांच्या प्रयोगावरील आक्षेप योग्य आहेत. परंतु मालिकेचा सारा भार त्या एका प्रयोगावर नाही. लिप्पा यांनी 53 देशांतील दोन लाखांहून अधिक लोकांच्या आवडीनिवडी तपासल्या आणि व्यवसायाच्या निवडीतील फरक जवळजवळ सर्वत्र आढळला. संगोपन हेच एकमेव कारण असेल, तर इतक्या भिन्न संस्कृतींत तोच कल कसा दिसतो, याचे उत्तर त्या विषयाच्या अभ्यासकांनी दिलेच पाहिजे. एखाद्या प्राध्यापकाने हा प्रश्न परिसंवादात विचारला असता, तर तो चार भिंतींत विरून गेला असता. 2010 मध्ये 'फ्रित ओर्द' या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या प्रतिष्ठानने आइयाचा सन्मान केला, तो ही चर्चा देशभर घडवून आणल्याबद्दलच.

उत्तररंग

कल सर्वत्र दिसतो म्हणून तो जन्मजात ठरत नाही, कारण मुलांचे संगोपन मुख्यतः स्त्रियांकडे असणे हेही जवळजवळ सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात संगणक अभियांत्रिकीच्या वर्गांत मुलींची संख्या लक्षणीय असते. त्यांच्या घरी या शाखेकडे चांगल्या नोकरीचा मार्ग म्हणून पाहिले जाते, म्हणून त्या तेथे पोहोचतात. नॉर्वेतील मुलीवर ती आर्थिक निकड नाही. या फरकातून जीवशास्त्राविषयी किती सांगता येते आणि पगाराविषयी किती, हे वेगळे काढणे अतिशय कठीण आहे, आणि तासाभराच्याही आत संपणाऱ्या भागात ते होऊ शकत नाही.

चर्चा घडली हे मान्य, आणि प्रश्न विचारण्याच्या आइयाच्या हक्काविषयीही माझी तक्रार नाही. लॅपटॉपवरची चित्रफीत दाखवून तिथल्या तिथे उत्तर मागण्याऐवजी त्याने ती आठवडाभर आधी त्या संशोधकांकडे पाठवायला हवी होती आणि त्यांचे विचारपूर्वक दिलेले उत्तर त्याच भागात दाखवायला हवे होते.