कमी बजेटमुळे लेखक घडतो की पिळला जातो? (डीविट बोडीन आणि 'कॅट पीपल')

रात्रीचा_खेळ:
१९४२ साली हॉलीवूडच्या आरकेओ स्टुडिओच्या साहेबांनी प्रोड्यूसर वॅल ल्यूटनला नुसतं नाव दिलं, 'कॅट पीपल', यावर पिक्चर काढ म्हणे, खर्च दीड लाख डॉलरच्या आत आणि लांबी ७५ मिनिटांच्या आत. पटकथा डीविट बोडीनची. आता तो तलावाचा सीन आठवा, रात्री एकटी बाई पोहतेय, भिंतीवर पाण्याची हलती सावली, कुठूनतरी गुरगुर ऐकू येते आणि जनावर दिसतच नाही. माझं ठाम मत आहे, हातात पैसा असता तर तिथे सरळ बिबट्या दाखवला असता आणि सीनची वाट लागली असती.

पानपूर्ती:
अजिबात पटलं नाही. ल्यूटन प्रत्येक स्क्रिप्टवर शेवटचा हात स्वतः फिरवायचा, ती नजर त्याची होती, तंगीची नाही. मी सिरियल लिहिते, रात्री दोनला सीन मेल करायचा, सकाळी शूट, पेमेंट तीन महिन्यांनी, आणि वर हेच ऐकायचं की बजेट नाही पण तू क्रिएटिव्ह आहेस ना.

रात्रीचा_खेळ:
ल्यूटनचा हात होताच, पण त्याला श्रेय हवं होतं तिथे त्याने कार्लोस कीथ या नावाने घेतलंय, 'बेडलॅम' बघा. 'कॅट पीपल'वर नाव एकट्या बोडीनचं आहे. पुढे १९४४ ला स्टुडिओने 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' असं भुताटकीचं नाव गळ्यात मारलं तर याने एका एकलकोंड्या लहान मुलीची गोष्ट लिहिली, ही हिंमत लेखकाची नाही तर कोणाची?

जुना_प्रोजेक्टर:
मग त्याच बोडीनचा १९४८ चा 'आय रिमेंबर मामा' घ्या की, मोठा पिक्चर, जॉर्ज स्टीव्हन्स डायरेक्टर. आई शनिवारी टेबलावर पगाराची नाणी मोजते, हे भाड्याचे, हे वाण्याचे, सगळं घर श्वास रोखून बघतंय. पैसा आला म्हणून लेखणी बोथट झाली का?

रात्रीचा_खेळ:
ते जॉन व्हॅन ड्रुटनचं नाटक होतं, माल तयार होता. 'कॅट पीपल'च्या वेळी हातात फक्त नाव होतं.

पानपूर्ती:
बरं, पण ज्याने नुसत्या नावावरून पिक्चर उभा केला त्याला पुढच्या खेपेला जास्त वेळ आणि जास्त पैसे द्यायचे का परत नुसतं नावच टेकवायचं? मी तरी या महिन्यापासून अ‍ॅडव्हान्स जमा झाल्याशिवाय एक पानही पाठवत नाहीये.