टेक्निकलमध्ये उडवलं म्हणून थेट पर्वरी गाठायची का?

हॉटमिक्स
आमच्या तालुक्यात एका सरकारी शाळेच्या नव्या इमारतीचं टेंडर निघालं. माझ्या मामेभावानं भरलं. लहान कंत्राटदार आहे, बयाणा भरला, सगळे दाखले जोडले. टेक्निकल बिडं, म्हणजे पात्रतेचे कागद, उघडली आणि पोर्टलवर एक ओळ आली: समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव नाही. त्यानं जोडलेला दाखला पंचायतघराचा, तळमजला अधिक एक. ज्याला काम मिळालं त्याचा दाखला मार्केटच्या पत्र्याच्या शेडचा आहे म्हणे. ‘म्हणे’, कारण मूल्यमापनाचा तक्ता आम्हांला कुणी दाखवलेलाच नाही.

माझं मत स्पष्ट आहे, पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका टाकावी. घरचे म्हणतात खात्याशी वैर नको, आधीच्या कामांची बिलं अडकतील. आज गप्प बसलो तर पुढच्या टेंडरलाही हेच होणार ना?

निवृत्त साबांखा
मला नाही पटत. सगळी नोकरी साबांखात, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यात, गेली. हरलेला प्रत्येक जण आपल्यावर अन्याय झाला असंच म्हणतो. आमच्याकडे कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. डिसेंबरात स्थगिती आली तर खणलेला पाया जूनमध्ये पाण्यानं भरतो, सळ्या गंजतात आणि खर्च वाढवून मागायची वेळ येते. तोवर पोरं बसतात कुणाच्या तरी हॉलमध्ये.

शिवाय ‘समान काम’ कशाला म्हणायचं ते निविदेतच लिहिलेलं असतं. खटकत होतं तर बिड भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत का नाही विचारलं? खेळात उतरायचं आणि हरल्यावर नियम चुकीचे म्हणायचं, हे कोर्टालाही आवडत नाही.

हॉटमिक्स
काका, अट चुकीची आहे असं मी म्हणतच नाही. दोघांना एकच लावा म्हणतो.

पर्वरीची पायरी
मी वकिली करतो, पण इथे फी नाही, घाबरू नका.

काकांचा मुद्दा कायद्यात बराचसा बसतो. २००६ च्या जगदीश मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन प्रश्न घालून दिले. प्रक्रिया दुष्ट हेतूनं किंवा इतकी मनमानी झाली का, की कुठलाही शहाणा अधिकारी तसं करणार नाही? आणि त्यात सार्वजनिक हिताला धक्का लागतो का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर कोर्टानं हात घालायचा नाही. दुखावलेला अहंकार आणि धंद्यातली चढाओढ घेऊन येणाऱ्यांना त्याच निकालात चांगलं सुनावलं आहे. निविदेचा अर्थ लावण्यात ती काढणाऱ्यालाच झुकतं माप द्यायचं, हे २०१६ च्या अफकॉन्स निकालात आलं. स्थगितीचं तर विसराच. २०१८ मध्ये विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) अधिनियमात कलम ४१(एचए) आलं, पायाभूत प्रकल्प लांबवणारा मनाई हुकूम द्यायचा नाही. त्या यादीत रस्ते-पूल आहेत, तशा शिक्षणसंस्थाही आहेत. ही अट दिवाणी दाव्यांची असली तरी रिट ऐकणाऱ्या न्यायालयांनीही ती ध्यानात ठेवावी, असं २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालानं सांगितलं.

पण ‘एकच अट दोघांना’ हा मुद्दा मेलेला नाही. २०२४ मध्ये भारत कोकिंग कोलच्या एका निविदेत एकाला कागदातल्या उणिवेवरून बाहेर काढलं आणि दुसऱ्याची उणीव पोटात घातली. दिलेलं कंत्राट सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. तुमच्या भावाची केस त्या जातीची असेल तर दम आहे. असेल तर. तक्ता न बघता रिट टाकाल, तर पहिल्याच तारखेला ‘म्हणे’ या शब्दावर अडकाल.

जिंकलेला
मी दुसऱ्या बाजूचा. एका कामात मी एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा, होतो, हरलेल्यानं कोर्ट गाठलं. वर्क ऑर्डर हातात, मजूर आणून ठेवलेले, मशिनरी भाड्यानं घेतलेली, बँक गॅरंटीचं कमिशन चालूच. आणि मग एका मध्यस्थाकरवी निरोप आला: काहीतरी द्या, मागे घेतो. रिट हा काही जणांचा जोडधंदा आहे हो. यावर कुणी बोलत नाही.

कुळागर
त्यावरही बोलू. आधी सांगा, आव्हानामुळे कामं रखडतात ना? पणजीच्या कला अकादमीच्या नूतनीकरणाला टेंडरच काढलं नव्हतं. हरलेला कुणी नाही, आव्हान नाही, मध्यस्थ नाही. मग सगळं सुरळीत झालं? २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचा स्लॅब खाली आला. निविदा का नाही विचारलं तर विधानसभेत उत्तर काय, तर ताजमहाल बांधताना शाहजहाननं कोटेशन मागवलं नव्हतं. शाहजहानला निदान लेखापरीक्षण नव्हतं.

निवृत्त साबांखा
कुळागरबाब, कोसळला तो स्लॅब जुन्या बांधकामाचा. दोन गोष्टी एकत्र कालवू नका. निविदा हवीच, याबद्दल माझा वाद नाही. निविदेनंतरच्या कोर्टबाजीबद्दल आहे.

बार्देशकर, सध्या मेरीलँड
इथे सरकारी बांधकामाचं कंत्राट हुकलं की गावभर कुजबुज करत बसत नाहीत, अमेरिकी संसदेचं जे लेखापरीक्षण कार्यालय आहे तिथे तक्रार टाकतात. १९८४ च्या कायद्यानं तशी सोय केली. कंत्राट दिल्यापासून दहा दिवसांत तक्रार पोचली तर काम आपोआप थांबतं, न्यायाधीशाकडे हात जोडावे लागत नाहीत. मात्र निकाल शंभर दिवसांत लागलाच पाहिजे. अपवाद म्हणून तातडीच्या कामाला खातं पुढे जाऊ शकतं, कारण लेखी देऊन. हरलेल्याला खातं बसवून सांगतंही, तू कुठे कमी पडलास ते.

जिंकलेला
शंभर दिवस? आमच्याकडे तेवढ्यात अर्धा हंगाम संपतो.

पर्वरीची पायरी
अमेरिकेपर्यंत जायला नको. तामिळनाडूचा १९९८ चा, कर्नाटकाचा १९९९ चा आणि राजस्थानचा २०१२ चा सार्वजनिक खरेदीचा कायदा आहे, तिन्हींत अपिलाची पायरी आहे. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही म्हटलंय, बिड का फेटाळलं हे विचारायची सोय निविदेतच ठेवा. हॉटमिक्स, तुमच्या निविदेत तसं कलम आहे का ते आजच बघा.

शाळेतली आई
तुम्ही सगळे कंत्राटदाराचं बोलताय. माझा मुलगा पत्र्याखाली बसतो. कोणीही बांधा, पण ज्याला दुमजली बांधायचा अनुभव आहे त्यानं बांधा. शेडवाल्यानं नको.

हॉटमिक्स
वहिनी, हेच तर मी सांगतोय! कलम बघितलं. ‘तक्रार सक्षम अधिकाऱ्याकडे’ एवढंच आहे. मुदत नाही, उत्तर कधी द्यायचं ते नाही. माहिती अधिकारात तक्ता मागतो.

पर्वरीची पायरी
माहिती अधिकाराला तीस दिवस, त्यात समोरचा ‘व्यापारी गुपित’ म्हणून हरकत घेईल ते वेगळंच. तेवढ्यात वर्क ऑर्डर निघून पायाचं काँक्रीट झालेलं असेल, आणि मग कोर्ट विचारेल, इतके दिवस कुठे होता? अर्ज टाकाच, पण त्याची वाट बघू नका. आज कार्यकारी अभियंत्याला पत्र द्या, प्रत सचिवांना, आवक शिक्का घ्या. दोनच मागण्या: माझं बिड फेटाळण्याची कारणं द्या, आणि ती अट यशस्वी निविदाकाराला कशी लावली ते सांगा. ठरावीक दिवसांत उत्तर नाही आलं तर ते पत्र जोडून रिट.

निवृत्त साबांखा
पत्राला माझी हरकत नाही. खुर्चीत असतो तर मी तक्ता दाखवला असता. लपवण्यासारखं नसेल तर दाखवायला काय जातं? पण शेड निघालीच नाही आणि त्याचाही दाखला दुमजलीचाच निघाला, तर?

हॉटमिक्स
तर रिट नाही. भावाला आत्ताच सांगितलं. तो म्हणाला, बिलांचं तेवढं विचार.

निवृत्त साबांखा
बिलं अडकतात. खोटं कशाला सांगू.