धावणे, पोहणे, सायकल आणि सिगारेट : आपापले अनुभव लिहावेत

सातारा, वय ४६

सातारा हिल मॅरेथॉनचे माझे २०१६ सालचे पदक कपाटाच्या आतल्या खिळ्याला लटकलेले आहे आणि त्याच्या फितीला, गळ्यापासून वीतभर खाली, हरभऱ्याएवढे एक जळके भोक आहे. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर पुरे केल्यावर एका टपरीच्या आडोशाला मी जी सिगारेट शिलगावली, तिच्या ठिणगीने ते पडले. त्या दिवशी मला त्यात विसंगत असे काही वाटले नव्हते. जो माणूस घाट धावत चढतो, त्याच्या फुप्फुसांना दिवसाच्या आठ सिगारेटींनी काय होणार आहे, असा माझा हिशेब होता आणि तो मी पुढे अडीच वर्षे चालवला : सकाळी दहा किलोमीटर जमा, दिवसभरात आठ सिगारेटी खर्च.

सोडली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत माझे धावणे सुधारण्याऐवजी बिघडले, आणि असे होईल हे मला कोणीही आधी सांगितलेले नव्हते. खोकला वाढला, सकाळी करडा बेडका पडू लागला, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागेना आणि साडेसहा मिनिटांत होणारा किलोमीटर सात मिनिटांवर गेला. शरीराला सिगारेटची सवयच झाली आहे, तर उगाच का छळावे, हा विचार त्या दिवसांत जितका पटण्याजोगा वाटला तितका तो आधी वा नंतर कधी वाटला नाही. पाचव्या आठवड्यात घाटाच्या चढावर सोबत्याला मुलीच्या शाळेची काही हकीकत सांगत होतो आणि सांगून झाल्यावर लक्षात आले की, एकही वाक्य मध्ये तुटलेले नाही.

दीर्घ पल्ल्याच्या कोणत्याही खेळाचा सराव करताना ज्यांनी सिगारेट किंवा विडी सोडली, सोडून पुन्हा धरली, अथवा अजून सोडलेली नाही, त्या सर्वांनी लिहावे. तलफ आली त्या घटकेला नेमके काय केले, हे कळले तर इतरांना उपयोग होईल. उपदेश मात्र टाळावा. तो पाकिटावर छापलेला असतोच.

पुणे, वय ३८, संगणक क्षेत्रात नोकरी

मी सिगारेट ओढते हे माझ्या धावण्याच्या गटातल्या कोणालाही चार वर्षे माहीत नव्हते, आणि हिंजवडीच्या टपरीवर माझ्यासोबत उभ्या राहणाऱ्यांना मी पहाटे वेताळ टेकडीवर धावते हे खरे वाटत नव्हते. बाईच्या हातात सिगारेट दिसली की आजूबाजूच्या नजरा कशा होतात हे सांगायला नको, त्यामुळे लपवण्याची सवय ओढण्याच्या सवयीइतकीच जुनी होती. कार्यालयातल्या खणात मी त्यासाठी एक जर्किन वेगळे ठेवले होते. खिशात बडीशेप असे.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असे, म्हणून मी चार मिलिग्रॅमचे निकोटिन गम घेतले आणि पहिले चार दिवस ते साध्या च्युइंगमसारखे चघळत राहिले. उचकी, घशात जळजळ आणि मळमळ अशी तिन्ही सुखे मिळाली. अखेर औषधाच्या दुकानदाराने समजावले की, तिखटसर चव येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे आणि चव ओसरली की पुन्हा चावायचे. आधीची पंधरा मिनिटे कॉफी घ्यायची नाही, कारण तोंडात आम्ल असले की निकोटिन नीट शोषले जात नाही. माझे तर गम आणि कॉफी बरोबरच चालले होते.

धावताना गम नकोसे होते, कारण तोंडाला कोरड पडते. निकोटिन खेळाडूंना निषिद्ध आहे का, हेही मी शोधून पाहिले. ते निषिद्ध नाही. उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने ते २०१२ पासून केवळ निरीक्षणाखाली ठेवलेले आहे. दहा किलोमीटरला सव्वा तास घेणाऱ्या बाईने ही चौकशी करावी, याचे आज हसू येते.

मला सर्वांत अवघड गेले ते गटाला सांगणे. एका रविवारी टेकडी उतरताना धीर करून सांगितले, तेव्हा गटातल्या साठी ओलांडलेल्या काकू बूट सोडता सोडता म्हणाल्या, “मला वास यायचा गं. म्हटलं, आपण होऊन सांगशील.” त्यानंतर टपरीवर जाण्यात काही मजा उरली नाही.

नाशिक, वय ४१, सायकलस्वार

माझी गोष्ट दमाची नाही, घड्याळाची आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, जिच्यात वाटेतल्या नियंत्रणबिंदूंवर कार्डावर शिक्का घ्यायचा असतो. तिच्यात ३०० किलोमीटरला २० तास मिळतात. मी नाशिकहून धुळ्याकडे जाऊन परतीच्या वाटेवर वेळेच्या ४० मिनिटे मागे पडलो आणि शेवटच्या ठिकाणी कार्डावर शिक्का मिळाला नाही. आठवडाभर मी वाऱ्याला, राहूड घाटाला आणि मालेगावच्या पुढे झालेल्या पंक्चरला दोष देत होतो. मग सायकलच्या यंत्रातली नोंद उघडून पाहिली. चाके थांबलेली अशी अकरा ठिकाणे निघाली, ज्यांचा ना नियंत्रणबिंदूशी संबंध होता, ना जेवणाशी. प्रत्येक थांबा सहा ते आठ मिनिटांचा होता. बेरीज ७७ मिनिटे आली.

सायकल स्टँडला लावणे, हातमोजे काढणे, घामाने दमट झालेली काडेपेटी झटकून पाहणे, झुरके घेणे आणि पाय आखडले म्हणून पुन्हा थोडे चालणे, या सगळ्याला मी ‘विश्रांती’ म्हणत होतो. रात्री धाब्यावर चहा घेणाऱ्यांपैकी निम्मे तरी ओढणारे असतात, त्यामुळे एकाने पाकीट काढले की सगळ्यांचेच निघते. आता मी चहा उभ्याने आणि पाकीटवाल्यांपासून दोन खाटा लांब बसणाऱ्यांच्या घोळक्यात घेतो. तलफ येते, विशेषतः पहाटे तीन ते चारच्या दरम्यान येते. तेव्हा मी भाजलेले शेंगदाणे सालासकट एकेक करून खातो. हाताला आणि तोंडाला काम मिळाले की पाच-सात मिनिटे निघून जातात आणि चाके चालू राहतात. पुढच्या ३०० किलोमीटरला मला १८ तास ५० मिनिटे लागली. सगळा फरक पायांचा नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

नागपूर, वय ५५, छातीविकारतज्ज्ञ

निवासी डॉक्टर असताना मी स्वतः सहा वर्षे ओढत होतो, हे आधीच सांगून टाकतो. वर साताऱ्याच्या गृहस्थांनी ज्याला जमाखर्च म्हटले आहे, तो माझ्यापुढे आठवड्यातून एकदा तरी मांडला जातो. सरावाने हृदय आणि पायांचे स्नायू सक्षम होतात आणि मिळेल तेवढ्या ऑक्सिजनमध्ये अधिक काम करतात. त्यामुळे फुप्फुसांची झीज झाकली जाते, थांबत मात्र नाही. दीर्घकाळ धूम्रपान करून फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती एकदा मोडल्या की कितीही धावले तरी त्या पुन्हा बांधल्या जात नाहीत. नियमित व्यायाम करणारा ओढकर म्हणूनच अनेकदा उशिरा तपासणीला येतो, कारण त्याला धाप उशिरा लागते.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे धरतो आणि विश्रांतीच्या स्थितीत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण चार ते सहा तास लागतात. शर्यतीआधी ‘मन शांत करण्यासाठी’ घेतलेली सिगारेट म्हणजे रक्तातल्या काही जागा आधीच दुसऱ्याला देऊन धावायला जाणे होय. एका दिवसात हा वायू बहुतांशी निघून जातो. खोकला मात्र वाढू शकतो, कारण श्वासनलिकांच्या अस्तरावरची सूक्ष्म लव पुन्हा हलू लागते आणि साठलेला कफ वर ढकलते. साताऱ्याच्या गृहस्थांचा करडा बेडका तो हाच. निकोटिन सुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वजन काही किलोंनी वाढणे सर्वसाधारण आहे. त्यावर उपाय म्हणून पहिल्याच महिन्यात किलोमीटर दुप्पट करू नयेत. तसे करणारे माझ्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातात.

चाळिशीनंतर ज्यांनी ओढत ओढतच सराव सुरू केला आहे, त्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि धावताना छातीत दाब किंवा दुखणे आल्यास त्याला पित्त म्हणू नये. तलफेवरच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे पलीकडून माणूस बोलतो.

सांगली, वय ५२, यांत्रिक

मी सिगारेटवाला नाही, विडीवाला. लहानपणापासून कृष्णेत पोहतो आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर मालवणला समुद्रात पोहण्याची स्पर्धा असते, तिच्यासाठी पन्नाशीत सराव धरला. विडी अशी आहे की ती ओढत राहिले नाही तर विझते, त्यामुळे विडीवाल्याचा श्वास ओढण्यात तयार असतो आणि सोडण्यात कच्चा. पाण्यात याच्या अगदी उलटे लागते. तोंड पाण्याखाली असताना सगळा श्वास बुडबुड्यांतून सोडून द्यायचा आणि मान वळवली की क्षणभरात घ्यायचा. माझा निम्मा श्वास आतच राहायचा आणि दोनशे मीटरवर छाती भरून यायची. शिकवणारा मुलगा माझ्या थोरल्याच्या वयाचा होता. तो म्हणाला, “काका, हवा घ्यायची घाई करू नका, आधी असलेली सोडा.”

मला खरी ओढ होती ती पोहून झाल्यावरच्या विडीची. थंडीत घाटाच्या पायरीवर बसून, ओल्या बोटांनी बंडल भिजू नये म्हणून दातांनीच एक विडी ओढून काढायची आणि पेटवायची. तिची ऊब पायापर्यंत उतरते असे वाटायचे. ती जागा रिकामी ठेवून भागले नाही. मंडळींनी थर्मास दिला, आल्याचा चहा. मात्र त्याबरोबर एक करारही झाला होता : मी विडी सोडायची, त्यांनी मिश्री. माझी विडी सुटून चौदा महिने झाले. मिश्रीचा डबा अजून न्हाणीघराच्या फळीवर आहे आणि त्याबद्दल मी काही बोललो की मला थर्मासची आठवण करून दिली जाते.

मुंबई, वय ३३, वृत्तपत्रात नोकरी

इथे बहुतेकांनी सुटल्याचे लिहिले आहे, म्हणून न सुटल्याचे मी लिहितो. मी तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा ती धावण्याच्या खुंटीला टांगली. पहिल्यांदा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या सरावात सोडली आणि शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत, जेव्हा सराव मुद्दाम कमी करतात, तेव्हा परत धरली, कारण संध्याकाळ अचानक मोकळी झाली आणि हातापायांत नुसती चुळबुळ साठली. दुसऱ्यांदा शर्यत होईपर्यंत टिकलो. पेडर रोडच्या परतीच्या चढावर चालत का होईना, पण न थांबता गेलो, ५ तास २० मिनिटांत ४२ किलोमीटर पुरे केले आणि दुसऱ्या दिवशी आता कशासाठी, म्हणून पाकीट घेतले. पूर्वी एक सुटी मागता यायची. २०२० मध्ये राज्याने सुट्या विक्रीवर बंदी घातली. टपऱ्यांवर ती किती पाळली जाते ते सर्वांना ठाऊक आहे, परंतु मी मात्र नेमका नियम पाळून अख्खे पाकीट घेतले.

तिसऱ्यांदा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची पट्टी दुखावली आणि सहा आठवडे धावणे बंद झाले. चिडचिड झाली की बूट घालायचे, एवढे एकच औषध मी स्वतःला शिकवले होते आणि तेच काढून घेतले गेले. चौथ्या दिवशी मी कार्यालयाच्या जिन्यात होतो. धावण्याने मला सिगारेट सोडण्याचे बळ दिले हे खरे, पण धावणे नसेल त्या दिवशी काय करायचे, हे मी कधीच ठरवले नाही. सध्या दिवसाला तीन ओढतो. कोणाकडे दुखापतीच्या काळातला अनुभव असेल तर तो मला हवा आहे.

बर्लिन, वय ३६

येथे सिगारेटची यंत्रे रस्त्याच्या कोपऱ्यांवर भिंतीला टांगलेली असतात आणि माझ्या लांब पल्ल्याच्या वाटेवर अशी चार होती. वयाचा पुरावा म्हणून त्यात बँकेचे कार्ड घालावे लागते, म्हणून मी धावायला जाताना कार्ड घरी ठेवू लागलो. एवढेच केले. मुंबईच्या मित्राला सांगण्यासारखे : पोटरीची दुखापत झाली तेव्हा मी धावण्याच्याच वेळेला, धावण्याचेच कपडे घालून तरण तलावात पाण्यात चालायला जात असे. कंटाळवाणे होते, पण वेळ भरली.

पुणे, वय ३८

मुंबईच्या दादांसाठी : गम फक्त धावणाऱ्यांसाठी नसते. दुखापतीच्या काळातच ते अधिक लागेल, तेव्हा बंद करू नका. आणि साताऱ्याच्या दादांना एक प्रश्न : ती फीत बदलली का नाही?

सातारा, वय ४६

बदलण्याचा विचार एकदा केला होता. मुलीने विचारले, “बाबा, हे भोक कसले?” मी खरे सांगितले. तिने बोट घालून पाहिले आणि अभ्यासाला गेली. त्यानंतर फीत तशीच राहिली.

मुंबई, वय ३३

सर्वांचे आभार. डॉक्टरांनी दिलेल्या क्रमांकावर काल दुपारी दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत पहिला प्रश्न विचारला की, दिवसातली कोणती सिगारेट सोडणे सर्वांत अवघड वाटते. मी रात्री पान छपाईला गेल्यानंतरची सांगितली. मग त्या वेळेला काय करता येईल यावर आम्ही दहा मिनिटे बोललो, आणि त्यात धावण्याचा विषय एकदाही निघाला नाही. सोमवारपासून मला चालण्याची परवानगी आहे. शेंगदाणे आणले आहेत.