ओठावर ताप फुटतो तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री खालच्या ओठाच्या कडेला चुरचुरायला लागलं. भेळेतली मिरची लागली असेल म्हणून झोपले. सकाळी आरशात बघते तर मोहरीएवढ्या पाच-सहा फोडांचा घोस. आई फोनवर म्हणाली, "झुरळ चाटलं असेल गं रात्री." सासूबाईंच्या मते अंगातला ताप फुटलाय. डॉक्टर म्हणाले, हर्पीस. ते ऐकून माझा चेहरा असा उतरला की त्यांनाच हसू आलं. हा हर्पीस सिम्प्लेक्स, बहुतेकदा टाइप 1. नागिणीचा भाऊबंद, पण नागीण नव्हे. बहुतेकांना लहानपणीच कुणाच्या तरी पापीतून मिळतो म्हणे.

अडचण अशी की रविवारी भाचीचं बारसं आहे. सख्खी आत्या मी एकटीच. बाळाच्या कानात 'कुर्र' करायचं ते याच तोंडानं. तुम्ही काय केलंत, लिहा ना.

*

मला वर्षातून दोन-तीनदा होतं. सगळा खेळ त्या चुरचुरीच्या रात्रीचा! तेव्हाच असायक्लोव्हिर मलम लावलं, दिवसातून पाच वेळा, तर एखादा दिवस तरी वाचतो. फोड फुटून खपली धरल्यावर लावलं तर फक्त समाधान. गेल्या वर्षी डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून दिल्या, एकाच दिवसात बारा तासांनी दोन डोस. त्या मला मलमापेक्षा मानवल्या. काहीच केलं नाही तरी आठ-दहा दिवसांत जातंच, पण ऑफिसात तेवढे दिवस सगळे ओठाशीच बोलतात.

*

मी चुना लावला होता. आजोबांचा सल्ला. फोड होता शेंगदाण्याएवढा, भाजलं रुपयाएवढं. पुढचं विचारू नका.

*

मेडिकल दुकानात बसतो म्हणून लिहितो. ओठाला काहीही झालं की लोक "ते नेहमीचं ट्यूब द्या" म्हणतात. त्यातल्या बऱ्याच मिक्स क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. ते विषाणूच्या फोडावर लावलं तर आगीत तेल. आणि ओठाचे दोन्ही कोपरे चिरले असतील किंवा तोंड आलं असेल, तर ते वेगळं. हर्पीसचे फोड बहुधा ओठाच्या कडेवर, घोळक्याने येतात, पाण्याने भरतात, मग मधासारखी पिवळी खपली.

*

माझा ट्रिगर ऊन. हिमाचलात बर्फावरून ट्रेक, नाकाला सनस्क्रीन फासलं, ओठ विसरलो. तिसऱ्या दिवशी वरचा ओठ असा की चहाचा कप टेकवेना. विषाणू आयुष्यभर चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत झोपून असतो. ऊन, ताप, जागरण, काहींना पाळी, यांपैकी काहीही त्याला उठवतं. आता एसपीएफ 30 चा लिप बाम खिशात असतो. तेव्हापासून एकदाच झालं, तेही डेंग्यूत.

*

धागाकर्ती, तुझ्यासाठीच लिहितेय. खपली खाजवली आणि त्याच बोटानं लेन्स घातली. दोन दिवसांनी डोळा लाल, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात तपासलं आणि नवऱ्याला दाखवलं: बुबुळावर फांद्या फुटलेल्या झाडासारखी हिरवी रेघ. बरं झालं, पण तीन आठवडे गेले. तेव्हा हात धुणं, टॉवेल वेगळा, आणि बाळापासून लांब. मोठ्यांना हे नुसतं त्रासाचं; पहिल्या महिन्यातल्या बाळाला जिवावर बेतू शकतं. खपली पूर्ण पडेपर्यंत पापी नाही म्हणजे नाही, आजी रुसली तरी.

*

धागाकर्ती परत. काल बारसं झालं. खपली अजून होती. वहिनीला आधीच फोन करून सांगितलं, ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, ताई." कुर्र चुलत बहिणीनं केलं. मी मास्क लावून पाळण्याची दोरी धरली आणि घुगऱ्या वाटल्या. मावशीनं विचारलंच, "एवढं झाकायला काय झालंय?" म्हटलं, झुरळ चाटलं.